झोताचा आकार बदलणारा लेसर : भोसरीतील नऊ महिन्यांचा अनुभव

भोसरीतील आमच्या पत्राकामाच्या कारखान्यात सहा किलोवॉटचे नवे फायबर लेसर कटिंग मशीन येऊन आता नऊ महिने झाले. जुने मशीनही फायबर लेसरचेच होते. मात्र नव्याच्या स्रोतात झोताचा आकार बदलता येतो आणि त्या एका सोयीपायी आम्ही बरेच जादा पैसे मोजले.

नेहमीच्या झोतात तीव्रता मध्यभागी सर्वाधिक असते व कडेकडे घटत जाते. आमच्या फायबरमध्ये, म्हणजे लेसरचा प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूत, मधल्या गाभ्याभोवती कड्यासारखा दुसरा गाभा आहे. सगळी शक्ती मधून सोडली, तर फायबरच्या तोंडाशी १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) टोकदार झोत मिळतो. कड्याकडे वळवली, तर ३०० मायक्रॉनचे वलय तयार होते.

पैसे वसूल झाले ते २० मिमीच्या एमएस, म्हणजे साध्या पोलादाच्या, प्लेटवर. ऑक्सिजनने जाड प्लेट कापताना चीर अरुंद राहिली, की वितळलेले लोखंड खाली नीट वाहून जात नाही आणि तळाशी मळी चिकटते. पूर्वी आम्ही फोकस वर उचलून चीर रुंद करीत असू, तरीही कापलेल्या कडेवर नख अडकेल इतके खोल ओरखडे उमटत आणि प्रत्येक नग ग्राइंडरखालून काढावा लागे. आता टोकदार झोताने भोक पाडायचे आणि पापणी लवायच्या आत वलयावर जाऊन कापायचे, असा क्रम आहे. कड हाताला गुळगुळीत लागते व नग हातोडीविना सुटतो.

दोन मिमीच्या एसएस (स्टेनलेस स्टील) पत्र्यावर मात्र काडीचा फरक जाणवला नाही, कारण तिथे टोकदार झोतच लागतो. तांब्याच्या बसबारचे, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्यांचेही तसेच. थंड तांबे या लेसरच्या तरंगलांबीचा बहुतेक प्रकाश परतवते, त्यामुळे तिथे वलयाच्या वाटेला न गेलेले बरे.

एक चूक आमचीच झाली. वलय निवडले, पण चिरेच्या रुंदीची, म्हणजे कर्फची, भरपाई (त्या रुंदीसाठी कापण्याची रेषा जितकी सरकवतात ते अंतर) जुनीच ठेवली. परिणामी एका ऑर्डरमधील २२ मिमीची सगळी भोके जवळजवळ पाव मिलिमीटरने मोठी आली आणि अठ्ठेचाळीस नग भंगारात गेले. झोताचा आकार बदलला की कर्फही बदलतो, हे समजायला इतके साधे आणि विसरायला त्याहून सोपे आहे.

खरी तक्रार विक्रेत्याबद्दल आहे. प्रात्यक्षिकात दाखवलेल्या जाडींपलीकडची सेटिंग्ज त्याने दिलीच नाहीत. वायूचा दाब, नोझल, फोकस आणि आता वर झोताचा आकार, एवढ्यांचा मेळ आमच्या ऑपरेटरने रात्रपाळीत प्लेटा वाया घालवून जमवला. त्याने हाताने लिहिलेला तक्ता मशीनशेजारी चिकटवलेला आहे. त्यातील १२ मिमी एसएसच्या रकान्यात अजूनही खाडाखोड सुरूच आहे.