झेनच्या मागच्या बोल्टांचं काम: मिरजोळे एमआयडीसीतलं गॅरेज

बाबांची मारुती झेन 1999 सालची. आता ती मी चालवते, रोज रत्नागिरी ते पावस आणि परत. पावसाळ्यापासून मागून 'कट्' असा आवाज यायचा, तोही ब्रेक दाबताना आणि पहिल्या गिअरवर गाडी उचलताना. एका ठिकाणी मागचे दोन्ही शॉकअप बदलून घेतले. पैसे गेले, आवाज तसाच राहिला.

इथल्या मिस्त्रींनी आधी माझ्याबरोबर एक चक्कर मारली. मग गाडी स्टँडवर चढवून ट्रेलिंग आर्मच्या (मागचा एक्सल गाडीच्या बॉडीला जोडणारा लांब दांडा) पुढच्या टोकाला पहार लावली आणि मला हाक मारली, "ताई, खाली वाकून बघा." डावा आर्म चांगला दोन मिलिमीटर हलत होता आणि नटाभोवती तांबूस भुकटीचं कडं जमलं होतं. बोल्ट आत सैल पडून घासायला लागला की अशी भुकटी पडते, म्हणाले.

तो बोल्ट लगेच निघाला. पूर्वी कुणीतरी साधा, डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट टाकला होता. बुश म्हणजे सांध्यातलं रबरी कडं; त्याच्या मधल्या लोखंडी नळीत बोल्टचा जो भाग बसतो तो गुळगुळीत लागतो. इथे सगळा भार आट्यांवर आला आणि मधले आटे एका अंगाने पार झिजून गेले. हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणाऱ्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा असतो, त्याचाही पत्ता नव्हता. पाच वर्षांच्या भाचीला याच गाडीतून मी शाळेत सोडते. तो बोल्ट हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते.

उजवा मात्र गंजून नळीशी एकजीव झालेला. पाना फिरवला की रबरासकट फिरायचा. खाऱ्या हवेतल्या गाड्यांना हे होतंच. गॅसने तापवून लवकर सुटला असता, पण शेजारी ब्रेकचा पाइप, पलीकडे पेट्रोलची टाकी, म्हणून त्यांनी साफ नकार दिला. रात्रभर तेल सोडून ठेवलं, तरी हलला नाही, तेव्हा हॅक्सॉने दोन्हीकडून कापला. एक्सल बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या रॉडचे दोन्ही बोल्ट आणि सगळे बुशही नवे घातले. एक्सलकडचे बोल्ट काढून, आटे तपासून, नवे नट लावून परत बसवले.

मला सगळ्यात पटलं ते पुढचं. नट आधी नुसते टेकवले, गाडी चाकांवर उतरवली, खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली आणि मगच टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने, आवळले. गाडी लटकती असताना आवळलं तर रबरी बुश त्याच स्थितीत धरला जातो आणि गाडी खाली आली की कायम पिळलेला राहून लवकर फाटतो. शेवटी प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, नट फिरला तर लगेच दिसावं म्हणून.

तक्रार एकच, पण खरी आहे. एका दिवसाचं काम सांगून अडीच दिवस लावले आणि फोन केला नाही. मला दोनदा रिक्षाने हेलपाटा पडला. बिल 5,200 रुपये झालं, जुने बोल्ट पिशवीत घालून परत दिले.

500 किलोमीटर झाल्यावर पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. परवा जाऊन आले, त्याचे पैसे घेतले नाहीत. पांढऱ्या रेघा जागच्या जागी आहेत, आणि पावसच्या उतारावर ब्रेक दाबला तरी मागून काही ऐकू येत नाही.