पश्चिमेची विटांची भिंत : १९ महिने आणि १८ भोकं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईच्या खोलीत पलंग सरकवला, मागच्या भिंतीला हात लावला, आणि हात ओला झाला. गिलाव्याला बुरशीचा वास येत होता. भिंतीच्या बाहेर माझं २०२४ च्या एप्रिलमध्ये पूर्ण झालेलं विटांचं व्हेनिअर, म्हणजे घराच्या भिंतीबाहेर पोकळी सोडून उभी केलेली विटांची दुसरी भिंत, उभं होतं. कराडच्या घरावर मी केलेला सगळ्यात महागडा खर्च तो. पहिल्या पावसाळ्यात आत ओल आली नव्हती, म्हणून मी चार जणांना कौतुकाने सांगितलंही होतं की करायचं तर असंच करा. त्यातल्या दोघांचं बांधकाम आता सुरू आहे. हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितोय.

भिंतीवर पातळ ब्रिक टाइल चिकटवतात ते वेगळं. माझ्याकडे आत १५० मिलिमीटरची एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची) भिंत आहे, मग ५० मिलिमीटर मोकळी पोकळी आणि बाहेर बंगळूरकडची ११० मिलिमीटर जाडीची वायरकट (तारेने कापलेली) वीट. पश्चिमेची भिंत ११ मीटर लांब, दोन मजले. दक्षिणेला फक्त जिन्याचा पट्टा. एकूण ६४५ चौरस फूट. ३,२०० विटा, घरपोच २६ रुपयांना एक. ही वीट घराचं काहीही उचलत नाही. उलट घरालाच तिचे बारा टन सांभाळायचे असतात. खाली ती प्लिंथवर, म्हणजे जोत्यावर बसते, पहिल्या मजल्याला बीममध्ये बोल्ट केलेल्या लोखंडी अँगलवर, आणि आडवी धरून ठेवायला आतल्या भिंतीत अडकवलेले टाय, म्हणजे दोन्ही भिंती जोडणारे धातूचे तुकडे. बस्स, एवढंच तिला धरून आहे.

या टायसाठी मी कंत्राटदाराशी महिनाभर भांडलो. त्याचं कारण सांगतो. माझी आई पाटणजवळच्या गावची. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्यांच्या घराची दगडमातीची भिंत बाहेरच्या बाजूला पडली म्हणून आतले सगळे वाचले. शेजारच्या घराची आत पडली. या आठवणीवर ती आजही एका वाक्यापलीकडे बोलत नाही. तेव्हा तिच्या डोक्याशी बारा टन वीट उभी करायची, तर ती कशाने धरली आहे हे मला स्वतःला कळायला हवं होतं.

आमच्या इंजिनिअर बाईंनी दर ६० सेंटिमीटरला आडवा आणि ४० सेंटिमीटरला उभा एक टाय दिला, खिडक्यांच्या कडेला जास्तीचे, असे मिळून ३००. शिवाय दर पाचव्या थरात सांध्यात ४ मिलिमीटरची जस्त चढवलेली तार. कंत्राटदार म्हणाला, जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) टाय १४ रुपयांना मिळतो, स्टेनलेस ४२ ला, कशाला पैसे घालवता? फरक ८,४०० रुपये. मी दूधवाल्याच्या हिशोबातले दोन रुपये न सोडणारा माणूस आहे, पण इथे स्टेनलेसच घेतलं. बाईंनी ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलचं उदाहरण दिलं होतं. २८ डिसेंबर १९८९ च्या भूकंपात तिथे १३ माणसं गेली, आणि पडलेल्या विटांच्या भिंतींमध्ये ठिकठिकाणी टाय गंजून संपलेले सापडले. बाहेरून भिंत ठणठणीत दिसत होती. पोकळीत वरचेवर ओल येते, आणि टाय एकदा आत गेला की पुन्हा कोणी बघत नाही. ८,४०० मध्ये ती काळजी मिटत असेल तर मला स्वस्त वाटलं.

आता मूळ तक्रार. ओल दिसल्यावर पहिला राग विटेवर आला. पहिल्या पावसाळ्यानंतर तिच्यावर लोणा चढला होता, पांढरे ओघळ. ते ब्रशने कोरडेच झाडून काढले तरी मनात अढी होतीच. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, वीट उत्तम आहे, मिस्त्रीने सिमेंट-वाळूचा माल कच्चा वापरला. मिस्त्री म्हणाला, डिझाइनच चुकलंय. कंत्राटदार दोन दिवसांनी आला, भिंतीकडे बघितलं न बघितलं आणि म्हणाला, वरून सिलिकॉनचा क्लिअर कोट मारू, चौरस फुटाला ३८ रुपये. म्हणजे २४,५१० रुपये, आणि पाच वर्षांनी पुन्हा. पाणी कुठून येतंय हे तिघांपैकी एकानेही शोधलं नाही, याची चीड आजही गेलेली नाही.

माळ्यावर उरलेली वीट घेतली. ओळखीच्या बेकरीवाल्याच्या भट्टीशेजारी दोन दिवस ठेवून सुकवली आणि किराणा दुकानाच्या काट्यावर तोलली : ३ किलो २४० ग्रॅम. बादलीत २४ तास बुडवून पुन्हा तोलली : ३ किलो ५९५. अकरा टक्के. आपल्या मानकात साध्या विटेला २० टक्क्यांपर्यंत मुभा आहे, वरच्या वर्गाच्या विटेला १५. माझी घरगुती चाचणी प्रयोगशाळेची नव्हे, पण वीट निर्दोष आहे एवढं कळायला पुरेशी होती. विकणाऱ्याला मी फोनवर बरंच बोललो होतो. पुन्हा फोन करून माफी मागितली.

मग बाईंना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या विटेकडे पाहिलंच नाही, जमिनीशी वाकल्या आणि विचारलं, "पाणी बाहेर कुठून येतं?"

इथून पुढे माझं मत पार बदललं. मी समजत होतो की व्हेनिअर म्हणजे पावसाला अडवणारी भिंत. तसं ते नाही. ११० मिलिमीटरच्या विटेतून आणि सांध्यांतल्या केसाएवढ्या फटींतून पाणी आत येणार, आषाढातल्या पश्चिमेच्या झडीत तर येणारच. ते विटेच्या पाठीवरून पोकळीत खाली ओघळावं, तळाशी घातलेल्या, पाणी न झिरपणाऱ्या पडद्यावर पडावं आणि सर्वांत खालच्या थरातल्या भोकांतून बाहेर जावं, अशी सगळी रचना असते. वीप होल म्हणतात ती हीच. नकाशात दर ६० सेंटिमीटरला एक, खालच्या मजल्यावर १८ आणि वरच्या अँगलवर १८. वीट, टाय, तार यांवर मी महिनोनमहिने डोकं लावलं. या भोकांवर पाच मिनिटंही नाही.

वरच्या मजल्याच्या मिस्त्रीने नकाशाप्रमाणे काम केलं होतं : विटेचा उभा सांधा मालाशिवाय मोकळा सोडलेला. तिथे आत काहीही ओल नाही. खालच्या मजल्याचा मिस्त्री वयस्कर, हात सुबक, विटांमधल्या दरजा अशा भरलेल्या की बघत राहावं. पण भोकं त्याला पटलीच नव्हती. "सर, भोकं ठिवली तर पाणी आत जाईल की वो!" असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि मीसुद्धा मान डोलावली होती. मग त्याने तडजोड म्हणून १० मिलिमीटरच्या प्लास्टिक नळीचे तुकडे बसवले. त्या नळ्या पहिल्या पावसाळ्यात कशाबशा चालल्या. नंतर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कुंभारमाशीने त्यात घरं केली. १८ पैकी ११ नळ्या मातीने लिंपलेल्या होत्या, इतक्या नीट की मला तो मालाचाच भाग वाटायचा. चारांमध्ये सिमेंट होतं. तीन चालू.

बाईंच्या सांगण्यावरून खालच्या थरातली एक वीट काढली. पोकळीत गुडघ्याच्या खालपर्यंत सुकलेल्या मालाचा ढीग. बांधताना थापीवरून आत सांडलेला माल कोणी काढलाच नव्हता. रोज संध्याकाळी तळाची एक वीट काढून साफ करायचं, किंवा पोकळीत फळी दोरीने टांगून थराबरोबर वर घ्यायची, हे नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं. मी ते तेव्हा वाचलं होतं, पण संध्याकाळी जाऊन पाहिलं नाही. तळाचा पडदा आतल्या भिंतीवर १५ सेंटिमीटर चढवलेला होता. ढीग त्याच्या वर गेला, भोकं बुजली, पाणी साचलं आणि ढिगातून, टायवर थबकलेल्या मालाच्या गोळ्यांतून, सरळ आईच्या भिंतीत शिरलं. एवढ्या सरळ गोष्टीवर क्लिअर कोट मारला असता तर वीट सुकणंही मंदावलं असतं आणि २४,५१० रुपये पाण्यात गेले असते, तेही त्याच पाण्यात.

ऑक्टोबरच्या शेवटी दुरुस्ती केली. तळाच्या थरातल्या १४ विटा एकाआड एक काढल्या, ढीग छिन्नीने फोडून बाहेर काढला, नळ्या काढून उभे सांधे मोकळे केले, त्यांत स्टेनलेस जाळीच्या पट्ट्या दुमडून खोचल्या. तोच वयस्कर मिस्त्री बोलावला. ढीग पाहून तो गप्प झाला, मग एका दिवसाची मजुरी घेतलीच नाही. तीन दिवस मिस्त्री आणि गडी, जाळीसकट ४,९०० रुपये. चार विटा मी मुद्दाम सिमेंटशिवाय नुसत्या चुन्यात बसवून घेतल्या, पुन्हा सहज काढता याव्यात म्हणून.

वीट काढल्यावर टाय दिसला. दोन पावसाळे ओलीत राहूनही चकचकीत. ८,४०० वसूल झाल्याचं समाधान दहा मिनिटं टिकलं, कारण शेजारचा टाय खाली वाकवून ठेवलेला होता. सांध्यात घातलाच नव्हता. थराची उंची जुळली नाही की टाय वाकवायचा आणि पुढे जायचं. लोहचुंबकाने शोधायला गेलो तर ३०४ स्टेनलेसला चुंबक धरत नाही. शेवटी मोबाइलला जोडायचा वायरचा कॅमेरा ९०० रुपयांना मागवला आणि भोकांतून, खिडकीच्या कडेच्या फटीतून जमेल तेवढी पोकळी पाहिली. ४१ टाय दिसले, त्यातले ५ वाकवलेले. त्या भागात बाईंनी बाहेरून ड्रिल करून पिळाचे स्टेनलेस टाय मारून घेतले, १२ नग. एएसी ब्लॉक भुसभुशीत असतो, त्यात साधा फास्टनर फिरत राहतो, त्यामुळे जिथे जमलं तिथे ते काँक्रीटच्या पट्ट्यांमध्ये घेतले.

बाईंचं म्हणणं आहे की मी भोकांचा ध्यास घेतलाय आणि खरी गोष्ट टायची आहे. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या २०११ च्या भूकंपातही खिळ्याने ठोकलेले टाय निसटले आणि स्क्रूने घट्ट केलेल्या टायच्या भिंती पुष्कळ बऱ्या राहिल्या. सांध्यातली तार तडा धरते. भिंत धरतो तो टाय. पटतंय मला. पण टाय बघायला मला कॅमेरा लागतो, भोक मी रोज बघू शकतो. दर रविवारी सायकलची तार घेऊन १८ भोकांतून फिरवतो. पाऊस पडला की कुठल्या भोकातून पाणी आलं ते वहीत लिहितो. ६ नोव्हेंबरला पाइप लावून भिंतीवर अर्धा तास पाणी मारलं तेव्हा १८ पैकी १६ भोकांतून पाणी बाहेर आलं. बारीक, स्वच्छ धार. इतका आनंद मला गृहप्रवेशाच्या दिवशीही झाला नव्हता.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पश्चिमेची खोली उन्हाळ्यात दुपारी तापायची, ती आता रात्री आठपर्यंतही सोसवते. पोकळीचा हा फायदा खरा आहे. वीट वर्षानुवर्षं ओलीने किंचित फुगत जाते आणि काँक्रीट आकसतं, म्हणून ११ मीटरला मध्ये एक उभा मऊ सांधा आणि अँगलखाली १० मिलिमीटरची फट ठेवलीय. मिस्त्री त्यात माल भरायला निघाला होता, तेवढं मात्र मी वेळेत थांबवलं. भिंतीला अजून एकही तडा नाही. त्या मऊ सांध्यातल्या सीलंटचा करडा रंग विटेला शोभत नाही, असं सगळे म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही.

बांधकाम सुरू असलेल्या त्या दोघांना मी घरी बोलावून चुन्यात बसवलेली वीट काढून आतली पोकळी दाखवली. एकाने त्याच संध्याकाळी साइटवर जाऊन नळ्या उपटल्या. दुसऱ्याचं काम खिडकीच्या सिलच्या वर गेलंय. त्याला तळाच्या विटा काढाव्या लागतील, आणि त्याचा कंत्राटदार नाही म्हणतोय. मी या शनिवारी तिथे जाणार आहे, कॅमेरा घेऊन.

आईने पलंग पुन्हा त्याच भिंतीला लावून घेतलाय. वरच्या मजल्यावरच्या १८ सांध्यांना जाळी बसवायची राहिलीय, त्यासाठी शेजाऱ्यांची शिडी मागून ठेवली आहे.