पाणपिसू, बहावा की नोंदवही?

बी.एड. दोन वर्षांचं झाल्यापासून आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून केलेला अध्यापनाचा सराव, 20 आठवड्यांची आहे, आणि त्यातले 16 आठवडे दुसऱ्या वर्षी शाळेत काढायचे असतात. जीवशास्त्र पद्धती शिकवायला नव्याने लागलेल्या सहकाऱ्यांचा प्रश्न ठरलेला: पाठटाचणं आणि तक्ते सोडून, छात्राध्यापक (बी.एड.चे विद्यार्थी) आणि शाळेतली मुलं मिळून खरंखुरं संशोधन करतील असं काय घ्यावं? मी नंदुरबारकडे शिकवते. वर्गात पावरी, भिली, अहिराणी बोलणारी मुलं, आणि फळ्यापाशी प्रमाण मराठी सांभाळत उभा असलेला छात्राध्यापक, हे आमचं रोजचं चित्र. तीन वाटांनी मी जाऊन पाहिलंय. तिन्ही चांगल्या, पण सगळ्यांनी सगळ्या धरू नयेत.

पहिली वाट बाटलीतली. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘क्यूब’ उपक्रम याच धाटणीचा. महागडी प्रयोगशाळा नको. पाणपिसू (डबक्यात सापडणारा इवलासा जीव, डाफ्निया), फळमाशी, गांडूळ, हायड्रा असे साधे जीव घरी नाहीतर वर्गात वाढवायचे, प्रश्न आपला आपण काढायचा आणि दुसऱ्या गावच्या मुलांशी ऑनलाइन वाद घालायचा. फळमाशीला पिकलेलं केळं पुरतं. पाणपिसूसाठी हिरवट पडलेलं डबकं आणि गाळायला जुन्या ओढणीचा तुकडा. तिचं अंग पारदर्शक, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हृदय धडधडताना दिसतं. मिनिटाला 200-300 ठोके, तोंडाने मोजणं अशक्य. आमच्या एका मुलाने युक्ती काढली: ठोक्यागणिक कागदावर पेन्सिलीचा ठिपका मारत सुटायचं, 10 सेकंदांनी थांबायचं, ठिपके मोजून सहाने गुणायचे. त्याच्या कागदाला भोकं पडली होती, पण आकडा जवळपास बरोबर होता. नंतर मोबाइलच्या स्लो मोशनने पडताळला.

पहिल्या वर्षी मात्र तिसऱ्याच दिवशी सगळी बाटली मेली. नळाचं पाणी थेट ओतलेलं, क्लोरीनसकट, आणि वर खाद्य म्हणून यीस्टची पूड सढळ हाताने. मुलांनी कारण विचारलं. छात्राध्यापक माझ्याकडे बघायला लागला, मी खिडकीबाहेर. शेवटी तो मुलांना म्हणाला, “मलाही माहीत नाही, शोधू या.” मग तीन बाटल्या लागल्या: एकीत ताजं नळाचं पाणी, दुसरीत दिवसभर उघडं ठेवलेलं, तिसरीत विहिरीचं. त्याच्या सगळ्या सरावपाठांत मिळून जे झालं नव्हतं ते त्या आठवड्यात झालं.

या वाटेचा एक गुण मला उशिरा कळला. पाणपिसूला आमच्याकडे कुणाच्याच घरी नाव नाही. सरांच्याही नाही, पावरी बोलणाऱ्या मुलीच्याही नाही. सगळे एकाच पायरीवर. पण गावाशी, घराशी, भाषेशी या कामाचं नातं जुळत नाही ते त्याच कारणाने. बाटली धुळ्यात ठेवा की धारावीत, फरक पडत नाही.

दुसरी वाट झाडाची. नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या ‘सीझनवॉच’मध्ये एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याची पानं, कळ्या, फुलं, फळं बघून प्रत्येकापुढे ‘नाही’, ‘थोडं’ की ‘भरपूर’ ते नोंदवायचं. एवढंच. खर्च शून्य, आणि नोंद देशभरच्या माहितीत जमा होते. केरळातल्या शाळांनी हे मनावर घेतलं. तिथे विषूच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सणाच्या, पहाटे कणिकोन्ना, म्हणजे आपला बहावा, हवाच हवा. तो सणाच्या आधीच फुलायला लागलाय ही कुरबुर होतीच, आता तिच्याकडे आकडे घेऊन बघता येतं.

आपल्याकडे अडचण वेगळी. आंबा, बहावा, जांभूळ यांचं बरंचसं नाट्य ऐन मे महिन्यात आणि शाळेला तेव्हाच कुलूप. शाळेच्या आवारातलं झाड निवडलं की वहीत नेमकी तीच पानं कोरी राहतात. म्हणून झाड मुलाच्या घराजवळचं घ्यावं. आणि छात्राध्यापक 16 आठवड्यांनी निघून जाणार, म्हणून झाड त्याच्या नावावर नसावं, मुलाच्या असावं.

भाषेची गंमत इथे सुरू होते. रकान्यात लिहिलेलं असतं ‘कच्चं फळ’. आंब्याखाली उभ्या असलेल्या मुलाला ते पुरत नाही. त्याच्या लेखी बाळकैरी वेगळी, कैरी वेगळी, पाडाचा आंबा वेगळा. आमच्या एका छात्राध्यापिकेने ही नावं आधी खोडून काढली, मग समासात परत लिहिली, मग त्यांच्या शेजारी पावरी आणि भिली शब्दांचे दोन रकाने आखले. ठरलेली नोंद ठरल्यासारखी पाठवली. समास मात्र वर्गाचा राहिला, आणि मला विचाराल तर ते काम जास्त मोलाचं होतं.

तिसरी वाट लोक जैवविविधता नोंदवहीची, म्हणजे गावातली झाडं-प्राणी आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेली माहिती लिहून ठेवायच्या वहीची. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सोबत्यांनी 1990च्या दशकात या कामाला आकार दिला. पुढे 2002च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आली आणि गावकऱ्यांशी बोलून नोंदवही करणं हे तिचं मुख्य काम ठरलं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, तशी देशभर वह्यांची घाई उडाली. घाईतल्या वह्या ओळखू येतात: शेजारच्या दोन गावांत झाडांची यादी शब्दशः एक.

जीवशास्त्र, शिक्षण आणि आपला बहुभाषिक समाज असे तिन्ही धागे खऱ्या अर्थाने एकत्र येतात ते इथेच. म्हणून नवा माणूस आधी याच वाटेकडे धावतो. मीही धावले. दोन छात्राध्यापक तक्ता घेऊन एका आजींच्या अंगणात बसले. पहिला रकाना ‘वनस्पतीचे नाव’. आजी म्हणाल्या, “कशाचं सांगू? कोवळ्या पानाच्या भाजीचं, फुलाचं की फळाचं?” तक्त्यात जागा एकच. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप धाडला, की काल एका मुळीबद्दल बोलले ते वहीत नको, ते आमच्या घरचं आहे. छात्राध्यापक हिरमुसले, कारण अहवालात भाव खाऊन जाणारी गोष्ट तीच होती. आम्ही ती ओळ खोडली. औषधी माहिती ज्याची त्याची असते. ती आपल्या प्रकल्पासाठी सांगितलेली नसते, पाहुणा म्हणून सांगितलेली असते. ग्रामसभेला न विचारता, 16 आठवड्यांत, गुणांसाठी नोंदवही करायला निघालात तर तुम्ही घेऊन जाणार, देऊन जाणार काही नाही.

तर माझं मत. तालुक्याच्या गावी कॉलेज, वर्षागणिक बदलणारी शाळा आणि हाताशी जेमतेम दोन-तीन महिने असतील तर बाटली घ्या. निकाल लवकर दिसतो, अपयशही लवकर दिसतं, आणि छात्राध्यापकाला ‘माहीत नाही’ म्हणायची सवय लागते. शाळा दरवर्षी तीच असेल आणि तिथले एक कायम शिक्षक वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यायला राजी असतील तर झाड. निवड बिनघोर हवी असेल तर हीच. मी स्वतः आता हेच करते, समासासकट. नोंदवही त्यांनीच हाती घ्यावी जे त्या गावचे आहेत किंवा निदान दोन-तीन वर्षं तिथून हलणार नाहीत. अगदीच मोह आवरला नाही तर तिचं एकच पान करा: एक बांध, नाहीतर एका बाजाराच्या दिवशी आलेल्या रानभाज्या. आणि ते पान ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा, ज्या भाषेत सांगितलं गेलं त्या भाषेत.

बाटलीवर ठरलं असेल तर नळाचं पाणी आदल्या दिवशीच पसरट भांड्यात भरून उघडं ठेवा. यीस्ट चिमटीपेक्षाही कमी.