मॅस्लाक बर्नआउट इन्व्हेंटरी: प्राध्यापकांसाठी विकत घ्यावी का?

विद्यापीठातल्या प्राध्यापकांचा ताण मोजायचं ठरलं की बहुतेकदा पहिलं नाव बर्नआउट, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने आलेली पार दमणूक, मोजणाऱ्या याच प्रश्नावलीचं निघतं. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी ती १९८१ मध्ये मांडली. शिक्षकांसाठीच्या आवृत्तीत २२ विधानं आहेत: ९ भावनिक थकव्याची, ५ विद्यार्थ्यांबद्दल आलेल्या कोरडेपणाची, ८ आपल्या हातून काही चांगलं घडतंय या जाणिवेची. प्रत्येकाला ‘कधीच नाही’साठी ० ते ‘रोज’साठी ६ गुण. भरायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

तिची खरी ताकद त्या पाच कोरडेपणाच्या विधानांत आहे. दमलेला माणूस सुट्टीनंतर बरेचदा सावरतो. पण समोरचा विद्यार्थी नुसता हजेरी क्रमांक वाटू लागला, तर ते साध्या दमणुकीच्या पुढचं असतं. एकाच ‘ताण किती?’ या प्रश्नाने हा फरक कधीच हाती लागत नाही.

घोळ होतो तो गुण काढताना. तिन्ही भागांची बेरीज करून एकच आकडा काढायचा नसतो. तिसऱ्या भागात जास्त गुण चांगले, पहिल्या दोनांत वाईट. एकत्र केले की सगळंच निरर्थक. जुन्या तक्त्यांतल्या ‘कमी-मध्यम-जास्त’ या सीमारेषाही वापरू नका. निदानाच्या दृष्टीने त्यांना आधार नाही म्हणून २०१६ च्या चौथ्या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेत त्या काढून टाकल्या, तरी अजून सर्रास दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातही बर्नआउट हा आजार नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे या गुणांवरून कुणाला ‘पेशंट’ ठरवता येत नाही.

दुसरी उणीव मोठी आहे. शिक्षक-आवृत्ती विद्यार्थ्यांभोवती फिरते. प्राध्यापकाचा ताण मात्र परत आलेल्या शोधनिबंधातून, समित्यांतून, अहवालांच्या रकान्यांतूनही येतो, आणि तो इथे निसटतो. संशोधनाचा भार जास्त असलेल्या विभागाला याच प्रश्नावलीची १६ विधानांची सर्वसाधारण आवृत्ती बरी. कारणं शोधायची असतील तर सोबत ‘एरियाज ऑफ वर्कलाइफ’ प्रश्नावली घ्या. कामाचा बोजा, नियंत्रण, मोबदला, सहकारी, न्याय आणि मूल्यं अशी सहा क्षेत्रं ती तपासते. थकवा जास्त आणि बोजाचे गुण वाईट, तर तास कमी करा. बोजा ठीक पण न्यायाचे गुण वाईट, तर कामवाटप सगळ्यांसमोर मांडा. तिथे योगवर्ग भरवून काही होणार नाही.

मॅस्लाक प्रश्नावली परवान्यावर मिळते, किती जणांकडून भरून घेणार त्यानुसार पैसे पडतात. विधानं उतरवून ऑनलाइन फॉर्ममध्ये टाकणं हा परवान्याचा भंग. पैसे नसतील तर कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी फुकट आहे: १९ प्रश्न, गुण ०, २५, ५०, ७५, १००, आणि प्रत्येक भागाची सरासरी. मूळ प्रश्नांत ‘अशील’ (ज्यांच्यासाठी काम करतो ते लोक) असेल तिथे ‘विद्यार्थी’ लिहा. घरच्यांसाठी ऊर्जा उरते का, या प्रश्नाचे गुण उलटे मोजायचे असतात. तो एक विसरला की कामाच्या थकव्याच्या भागाची सरासरी चुकते. लहान विभागाला आमच्या मते हीच पुरे.

कुठलीही घ्या, उत्तरपत्रिका तपासणीच्या आठवड्यात वाटू नका. तेव्हाचे आकडे वर्षाचे नव्हेत, त्या गठ्ठ्यांचे असतात. विभागात आठ-दहाच जण असतील तर वय, लिंग, हुद्दा हे रकाने काढून टाका. एकच सहयोगी प्राध्यापक असेल तर नाव न लिहिताही कागद कुणाचा ते कळतं, आणि पुढच्या वेळी सगळे ‘कधीच नाही’वर खूण करून मोकळे होतात.