लक्ष्मीनगरचं गणित-करिअर वर्कशॉप : दहावीच्या पोरांना नक्की पाठवा

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली लिहिते, पण आधी चांगलं सांगते कारण चांगलं खूप आहे.

माझी मुलगी दहावीत आहे, गणित तिला मनापासून आवडते, पण आपल्या नागपुरात गणित आवडते म्हटलं की लोकं दोनच रस्ते दाखवतात, जेईई नाहीतर सीए. आठवीपासून फाउंडेशन बॅच लावून देतात आणि लेकराला कोणी विचारतही नाही की बाबा तुला इंजिनिअर व्हायचं आहे का. ह्यांच्याकडे रविवारी दिवसभर जी माणसं आली होती त्यांचं पोट रोजच्या गणितावर चालते, आणि त्यांनी भाषणं ठोकण्यापेक्षा आपल्या कामातलं एकेक गणित पोरांच्या हातात दिलं. मला ह्यांची हीच गोष्ट सगळ्यात आवडली. पालकांना मागच्या बाकावर बसू देतात, मी शेवटपर्यंत बसली होती.

विमा कंपनीत अ‍ॅक्चुअरी, म्हणजे जोखमीचा हिशोब करून हप्ता ठरवणाऱ्या मॅडमचं सेशन तर एकदम भारी. त्यांनी फळ्यावर लिहिलं, समजा १००० माणसं आहेत, वर्षभरात त्यातले सरासरी २ जण जातात, गेलेल्याच्या घरच्यांना १ लाख द्यायचे, तर प्रत्येकाकडून किती घ्यायचे? पोट्टे लगेच ओरडले, २०० रुपये! मॅडम म्हणाल्या बरं, आणि ह्या वर्षी ३ गेले तर? सगळे चूप. मग त्यांनी पॉयसनच्या सूत्राने (सरासरी माहीत असली की एखादी गोष्ट किती वेळा घडेल त्याची शक्यता काढायचं सूत्र) करून दाखवलं की सरासरी २ असली तरी ३ किंवा त्याहून जास्त जण जायची शक्यता ३२ टक्के निघते, म्हणजे २०० रुपयेच घेणारी कंपनी जवळपास दर तीन वर्षांत एकदा खड्ड्यात जाणार. त्यानंतर १००० च्या जागी १ लाख माणसं घ्यायला लावली. आता सरासरी २०० आणि वरखाली होणार साधारण १४ ने. तिकडे एक माणूस जास्त गेला की खर्च दीडपट होत होता, इथे २०० चे २१४ झाले तरी कंपनी हलत नाही. माणसं वाढली की अंदाज कसा पक्का होत जातो हे पोरांनी आपल्या वहीत स्वतः मांडून पाह्यलं, आणि माझी मुलगी तिथूनच मागे वळून मला म्हणाली, आई हे तर कोणी सांगितलंच नव्हतं.

मॅडमनी रस्ताही नीट सांगितला. भारतात हे सगळं इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडिया बघते, २००६ च्या कायद्याने झालेली संस्था आहे, बारावीनंतर एसेट नावाची प्रवेश परीक्षा देता येते, मग एकेक पेपर काढत जायचं आणि सोबत नोकरी करता येते. पेपर कठीण असतात, वर्षं लागतात, हेही त्यांनी लपवलं नाही, हे फार बरं वाटलं.

दुसरं सेशन सर्व्हे खात्यातून रिटायर झालेल्या सरांचं. झिरो माईलचा दगड आपण येताजाता पाहतो पण ज्या ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हेशी (इंग्रजांच्या काळात त्रिकोण मांडून केलेली भारताची मोजणी) तो जोडलेला आहे त्याबद्दल शाळेत कोण बोलते? विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासकडे हे काम सुरू केलं, त्रिकोणाला त्रिकोण जोडत वर येत राहिला आणि १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, कबर तिथेच आहे. पुढे ह्याच खात्यात राधानाथ सिकदारांनी १८५२ मध्ये नुसत्या हिशोबावरून काढलं की पीक १५ हे जगातलं सगळ्यात उंच शिखर आहे, तेच आपलं एव्हरेस्ट.

मग सर सगळ्यांना घेऊन खाली ग्राउंडवर. कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याच्या टोकाला गवंड्याच्या ओळंब्यासारखा एक नट बांधलेला, बस. समोरच्या पाण्याच्या टाकीची उंची काढायची होती, पण टाकीला कंपाउंड असल्यामुळे बुडाशी जाता येत नव्हतं. टाकीचा माथा ४५ अंशात दिसेल तिथे एक खूण, मग सरळ मागे जात ३० अंशात दिसेल तिथे दुसरी, दोन खुणांमधलं अंतर टेपने १५ मीटर. त्रिकोणमितीतलं टॅन लावून उत्तर साडेवीस मीटर, वर पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची मिळवायची. नंतर सरांनी विचारलं, तुमचा ३० खरंतर ३१ असला तर? पुन्हा हिशोब केला तर बावीस मीटरच्या वर! एका अंशाने दोन मीटरचा फरक. ह्यानंतर अचूक मोजणीसाठी सरकार एवढा पैसा का लावते हे समजावून सांगायची गरजच उरली नाही. आणि ही कामं कुठे दूर नाही आहेत, रिमोट सेन्सिंगचं राज्याचं केंद्र, इस्रोचं प्रादेशिक केंद्र, माती सर्वेक्षणवाल्यांचं आणि इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय, सगळं नागपुरातच आहे, आपल्या पोरांना माहीतच नसते.

आता स्टार का कापला. जेवणानंतर डेटा सायन्सवर जे बोलायला आले त्यांनी एकही गणित दिलं नाही, नुसते पॅकेजचे आकडे दाखवले आणि शेवटी आपल्याच कोर्सचा फॉर्म वाटला. आयोजकांनी हे पुढच्या वेळी थांबवलंच पाहिजे, पोरं विश्वासाने आलेली असतात. दुसरं म्हणजे सगळे कागद इंग्रजीत. माझ्या समोरच्या बाकावर मराठी मीडियमचा एक मुलगा होता, गणितात सगळ्यात पुढे, पण प्रत्येक ओळीचा अर्थ त्याला बाजूच्याला विचारावा लागत होता. दोन भाषांत छापा ना, किती खर्च येणार आहे!

आणि आयएसआयबद्दल फक्त एक स्लाइड होती, हे मला अजिबात पटलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३१ मध्ये काढलेली कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, तिथे बी.स्टॅट. आणि बंगलोरला बी.मॅथ. होते, प्रवेश परीक्षा त्यांची स्वतःची, शिकवणीची फी नाही, उलट मुलांना विद्यावेतन मिळत आलं आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट पण आहे. आणि स्टॅटिस्टिक्स घेऊन ग्रॅज्युएशन केलं की यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसची परीक्षा देता येते, सरळ केंद्र सरकारची क्लास वन नोकरी. ज्यांच्या घरी पैशाची ओढाताण आहे त्यांना तर हे सगळ्यात आधी कळायला पाहिजे.

बाकी फी ६००, त्यात सकाळी तर्री पोहे आणि दुपारी जेवण, दोन्ही बरे. पार्किंग नाही, गाडी रस्त्यावरच लावावी लागते. नववी ते बारावीची पोरं न्या, त्याहून लहान असतील तर टॅनबिन समजणार नाही आणि कंटाळतील. वही आणि साधा कॅल्क्युलेटर सोबत द्या, मोबाईल आत नेऊ देत नाही.