शेरडांच्या रानासाठी एकच रायफल घ्यायची तर

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. टेक्ससच्या हिल कंट्रीत शे-दीडशे एकर रान, त्यात शेरडं, आणि घरात बंदूक एकच ठेवायची असं ठरलं असेल, तर रुगर कंपनीची अमेरिकन रँच ही रायफल घ्या, ५.५६ कॅलिबरमध्ये, म्हणजे त्या मापाचं काडतूस घेणारी. देखणी अजिबात नाही. दस्ता प्लॅस्टिकचा, रंग सुकलेल्या चिखलाचा. शेजारच्या म्हाताऱ्या रँचरनं ती हातात घेऊन उलटीपालटी केली, बोल्ट, म्हणजे काडतूस भरायचा दांडा, दोनदा मागेपुढे केला आणि "अवजार आहे" एवढंच बोलून परत दिली. मला तेच हवं होतं.

मी मूळची सांगोल्याकडची. आमच्याकडे मेंढरं होती, शेरडं होती, लांडग्याची धास्तीही होती, पण बंदूक नव्हती. राखणीला कुत्री आणि काठी. इथं जंक्शन गावापासून थोडं आत आम्ही जमीन घेतली. नवरा सॅन अँटोनिओतल्या कंपनीचं काम घरात बसून करतो, रान माझ्याकडे. बोअर आणि स्पॅनिश शेरडांचा संकर पाळलाय. करडं व्हायला लागली तशी कायोटींची ये-जा वाढली. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान, आणि डोक्यानं दोघांच्या वरचढ.

तरीही रायफलीच्या आधी कुत्री घ्या, हे मी प्रत्येकाला सांगते. आमच्याकडे ग्रेट पिरेनीज जातीची पांढरी धिप्पाड कुत्री आहेत. रात्रभर भुंकतात, झोपेचं खोबरं करतात, पण कळप राखतात. जे काम त्यांच्याच्यानं होत नाही तेवढंच रायफलीच्या वाट्याला येतं. आणि कुत्री रानात असताना अंधारात हललेल्या आकृतीवर गोळी झाडायची नाही, हा आमच्या घरचा कायदा आहे. चांदण्यात शंभर यार्डांवरून आपलं कुत्रं आणि परका कायोटी यांतला फरक वाटतो तितका दिसत नाही.

रँचची रायफल ही मिरवायची वस्तू नाही, आणि खरं तर फारशी झाडायचीही नाही. ती दिवसभर गाडीत आदळत असते, धूळ खाते, कुंपणाच्या तारा आणि पान्यांच्या शेजारी पडलेली असते. इथली चुनखडीची पांढरी धूळ तर पिठासारखी सगळीकडे घुसते. म्हणून माझ्या यादीत पहिली होती लांबी, दुसरं वजन, मग साफ करायची सोय. ताकद चौथ्या नंबरावर. दुकानात बहुतेक लोक ही यादी उलटी वाचतात आणि हरणाच्या शिकारीची लांबलचक रायफल घेऊन येतात. ती साइड-बाय-साइडच्या, म्हणजे रानात फिरायच्या छोट्या गाडीच्या, दारात अडकते, मग घरातच राहते.

या रायफलीची नळी १६ इंचांहून जरा मोठी, म्हणजे केंद्रीय कायद्यानं रायफलीला जेवढी किमान हवी त्याच्या अगदी काठावर. एकूण लांबी ३६ इंच. वजन दुर्बिणीशिवाय तीन किलोच्या आत. जेफ कूपर नावाच्या एका माजी मरीन अधिकाऱ्यानं 'स्काउट रायफल' म्हणून एक कल्पना मांडली होती: एका माणसानं एकच रायफल बाळगायची तर ती मीटरभर लांब आणि तीन किलो वजनाची असावी. त्याचं कॅलिबर मात्र .३०८. हे गणित मला पटतं, .३०८ नाही पटत. शेरडांच्या आसपास वापरायला ते फार मोठं, आवाज मोठा, खांद्याला धक्का मोठा, आणि काडतुसांची किंमत बघून सराव करायचं मन होत नाही.

सराव हाच खरा मुद्दा आहे. .२२३ (५.५६ चं जवळपास जुळं माप) आणि ५.५६ ची साधी काडतुसं पन्नास सेंटच्या आसपास मिळतात. .३०-३० या जुन्या, जाड मापाचं एक काडतूस त्याच्या तिप्पट सहज जातं. माझ्यासारखी बाई, जिनं लग्नापर्यंत दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही वाजवलं नाही, तिला हात बसायला काडतुसं जाळावीच लागतात. एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा: ५.५६ च्या नळीत .२२३ ची काडतुसं चालतात. उलटं करू नका. ५.५६ चा दाब जास्त असतो.

मन मात्र माझं लिव्हर अ‍ॅक्शनवर गेलं होतं, हे सांगायला हवं. मी डावखुरी. बोल्ट उजव्या बाजूला, म्हणजे दुसरी गोळी भरायला मला हात वरून पलीकडे न्यावा लागतो. लिव्हर, म्हणजे काडतूस भरायला खाली-वर करायचा दांडा, खाली मधोमध असतो, त्याला डावं-उजवं काही नाही. शेजाऱ्याकडे त्याच्या बापाची विंचेस्टर ९४ आहे, .३०-३० मधली. हे मॉडेल १८९४ चं, जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून निघालेलं. चपटी, हलकी, ट्रकच्या सीटमागे नाहीशी होते. दुर्बीण लावायची असेल तर मार्लिन ३३६ बरी, तिची रिकामी पुंगळी बाजूनं बाहेर पडते. जुन्या विंचेस्टरची वरून उडते, त्यामुळे वर काही बसवायचं म्हणजे पंचाईत. झुडपात साठ-सत्तर यार्डांवर रानडुक्कर दिसलं तर .३०-३० ला आजही नाव ठेवायला जागा नाही. पण आमचं रान एका बाजूला उघडं आहे. कायोटी दीडशे-दोनशे यार्डांवर उभा राहून बघत बसतो. तिथं .३०-३० ची जड गोळी बरीच खाली येते. ५.५६ चा नेम दोनशे यार्डांवर जुळवून ठेवला तर गोळी शंभरावर दीड-दोन इंच वर लागते, बस्स. मनातल्या मनात हिशोब करत बसावं लागत नाही.

डावखुरेपणाचं मी असं सोडवलं: पहिली गोळी नीट मारायची, दुसरीची गरजच पडू द्यायची नाही. सेफ्टी मात्र मागे मधोमध, अंगठ्याखाली आहे, दोन्ही हातांना सारखी. हे ज्यानं ठरवलं त्याचं भलं होवो. चाप ओढायला लागणारा जोर घरच्या घरी तीन ते पाच पौंडांच्या दरम्यान जुळवता येतो. मी साडेतीनवर ठेवलाय.

मिनी-१४ पण बघितली. रुगरचीच, तिच्या एका प्रकाराला नावच रँच रायफल. अर्धस्वयंचलित, मजबूत, लाकडी दस्ता, छान दिसते. पण किंमत जवळपास दुप्पट, आणि त्या पैशात माझी रायफल, बरी दुर्बीण आणि सरावाची काडतुसं असं सगळं बसलं. माझी दुर्बिणीशिवाय साडेपाचशे डॉलरच्या आसपास पडली. एआर-१५, म्हणजे लष्करी घाटाची अर्धस्वयंचलित रायफल, तिच्याबद्दल मला विचारू नका. कामाला उत्तम आहे, इथं अर्ध्या गावाकडे आहे, मला घरात नको होती, विषय संपला. गंमत म्हणजे माझ्या रायफलीला मॅगझिन (गोळ्यांची डबी) एआरचंच लागतं, त्यामुळे ते कुठल्याही दुकानात स्वस्त मिळतं. दहा गोळ्यांचं सोबत येतं, पण ते खाली लोंबतं आणि गाडीत अडतं. पाच गोळ्यांचं वेगळं घ्या.

.२२ ची रुगर १०/२२ ही १९६४ पासून इथल्या घराघरात आहे, आणि दुसरी बंदूक परवडत असेल तर तीच घ्या. पण एकुलती एक म्हणून नाही. डुकराला ती पुरत नाही. आणि आमच्या जमिनीला तिचा एक मोठा तोटा: सगळीकडे चुनखडीचे खडक उघडे पडलेत. .२२ ची शिशाची संथ गोळी दगडावर आपटली की तुकडे न होता कुठंही उसळून जाते. ५.५६ ची हलकी, पातळ कवचाची गोळी आपटल्यावर बहुतेक वेळा फुटून जाते. बहुतेक वेळा म्हटलंय, नेहमी नाही. त्यामुळे मागे मातीचा उतार असल्याशिवाय चापावर बोट नाही.

आता गोळी कुठली, यावर इथं चहाच्या टपरीसारख्या चर्चा रंगतात. मी एकच वापरते: ६२ ग्रेनची, म्हणजे चार ग्रॅमची, आतलं शिसं कवचाला जोडलेलं असतं ती. डुकराच्या खांद्याच्या जाड कातड्यातून आत जाते. कायोटीसाठी जरा जास्तच आहे, पण दोन प्रकारची काडतुसं ठेवली की प्रत्येकीचा नेम वेगळा लागतो आणि घाईत गोंधळ होतो. महाग आहे, एकेक डॉलरच्या वर जाते. सराव स्वस्तातल्यांवर, काम हिच्यावर. स्वस्तातल्या किती वर-खाली लागतात ते एकदा कागदावर बघून ठेवलं की झालं.

दुर्बीण दोन ते सात पटींची. मोठी घेऊ नका. सिडारच्या झुडपातून पंचवीस यार्डांवर डुकरं निघाली तर नऊ पटींत फक्त केस दिसतात. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. दुर्बीण नळीच्या दीडेक इंच वर बसते, म्हणून अगदी चार-पाच हातांवरून मारलेली गोळी तुम्ही बघता त्याच्या दीड इंच खाली लागते. बरं न होणारं जनावर सोडवायचं असतं तेव्हा हा दीड इंच फार मोठा असतो. हे काम रानात डुकरांपेक्षा जास्त वेळा पडतं आणि कुणी त्याबद्दल लिहीत नाही. सापाला रायफल लागत नाही. रॅटलस्नेक आडवाच आला तर लांब दांड्याचं फावडं, नाहीतर त्याला जाऊ द्या.

आवाज भयंकर आहे. आखूड नळीमुळे आणखी. कानाला संरक्षण न लावता एकसुद्धा झाडू नका. नळीच्या तोंडाला आटे आहेत, सायलेन्सर बसतो. त्याची केंद्र सरकारकडे वेगळी नोंदणी लागते.

आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाचं. ग्रीन कार्ड असेल तर दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरून, चौकशी होऊन रायफल मिळते. एच-१बी वर असाल तर केंद्रीय कायद्यानं बंदूक घेणं आणि बाळगणं दोन्हीला मुळात बंदी आहे. चालू हंटिंग लायसन्स असणं हा त्यातला एक अपवाद. मित्रानं सांगितलं म्हणून जाऊ नका, वकिलाला विचारा. फॉर्मवर खोटं उत्तर म्हणजे थेट गुन्हा. घरी मुलं असतील तर तिजोरी आधी आणा. निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागली, तर तो टेक्ससमध्येही गुन्हाच आहे.

राहिलं चितळ. हो, आपलंच चितळ, इथं त्याला अ‍ॅक्सिस म्हणतात. १९३२ मध्ये टेक्ससमध्ये आणून सोडलं, आणि आता आमच्या ओढ्यावर कळपानं पाणी पितं. परदेशी जनावर म्हणून त्याला बंद हंगाम नाही, लायसन्स मात्र लागतं. (खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीनं रानडुक्कर मारायला २०१९ पासून तेही लागत नाही.) मटण इतकं चांगलं की आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, तिकडं जेलात नाही टाकत?" मोठ्या नरासाठी ५.५६ ही कमीत कमी म्हणावी अशीच ताकद आहे. शंभर यार्डांच्या आत, आडवा उभा, तरच. नाहीतर मी शेजाऱ्याची .२४३, म्हणजे जरा मोठ्या काडतुसाची रायफल, मागून आणते. तुमचं मुख्य काम चितळच असेल तर तुम्ही सरळ .२४३ घ्या.

आणि जमीन दक्षिणेला, किंग रँचच्या बाजूला असेल तर हे सगळं विसरा. तिकडे रोही, म्हणजे नीलगायी, आहेत, विदर्भातल्या शेतात घुसतात तेच, गेल्या शतकात इकडं आणलेले. अडीचशे किलोचा नर, कातडी जाड, जीव चिवट. तिकडचे लोक .३०० विन मॅगसारखं काहीतरी बाळगतात आणि खांदा चोळत घरी येतात.