ग्रोमॅक्स आणि मार्टिनी: पेशीपटलासाठी उत्तम, अख्ख्या पेशीची आशा धरू नका

जळगाव-धुळ्याकडे रेणूंच्या पातळीवर पेशीचं सिम्युलेशन करायचं असेल तर सुरुवात ग्रोमॅक्सनेच करावी. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात जन्मलेलं, रेणूंची हालचाल पावलापावलाने मोजणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि आपल्याकडे त्याचा सगळ्यात मोठा गुण हा की लाईट गेली तरी काम बुडत नाही. सिम्युलेशन चालवणारा त्याचा एमडीरन हा प्रोग्राम दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट, म्हणजे तोवरच्या कामाची नोंद, लिहितो. लाईट आली की तीच कमांड '-सीपीआय' लावून द्या, रन तिथूनच पुढे चालतो. लाईट वारंवार जात असेल तर '-सीपीटी ५' ठेवा, म्हणजे ही नोंद दर ५ मिनिटांनी होते.

एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डासाठी ग्रोमॅक्सचा सोर्स कोड आणून क्यूडासकट (कार्डावर गणित चालवायची एनव्हिडियाची प्रणाली) कंपाइल करा. लॉग फाइलमध्ये कार्डाचं नाव दिसत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर आहे, असं समजा.

एकेक अणू धरला तर गणिताचं प्रत्येक पाऊल २ फेम्टोसेकंदांचं (एक फेम्टोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा शंभर कोटीवा भाग), म्हणजे एका मायक्रोसेकंदाला ५० कोटी पावलं. मार्टिनी या फोर्स फील्डमध्ये (कण एकमेकांना कसे ओढतात-ढकलतात याच्या नियमांचा संच) साधारण चार जड, म्हणजे हायड्रोजन सोडून इतर, अणूंचा एक मणी होतो, पाण्याच्याही चार रेणूंचा एकच. पाऊल २० फेम्टोसेकंदांचं होतं आणि ५ कोटी पावलांत काम भागतं. याच मण्यांतून २०२३ मध्ये सिन३ए या ४९३ जनुकांच्या जिवाणूची अख्खी पेशी रचली गेली. त्यात सुमारे ५५ कोटी मणी आहेत. एका कार्डावर तो पसारा चालत नाही. १२८ लिपिडांचा (पेशीपटल ज्यांचं बनतं ते स्निग्ध रेणू) पटलाचा तुकडा मात्र सहज चालतो, आणि शिकायला तोच योग्य.

चुका ठरलेल्या जागी होतात. पाणी भरणाऱ्या सॉल्व्हेट आणि आयन टाकणाऱ्या जेनआयन या कमांडना '-पी' देऊन टोपॉलॉजी फाइल (कोणते रेणू किती, याची यादी) जोडली नाही तर पाण्याची आणि आयनांची संख्या त्या फाइलमध्ये बदलत नाही, मग रनची फाइल तयार करणारा ग्रॉम्प अणूंची संख्या जुळत नाही म्हणून थांबतो. पटलासाठी दाब 'सेमीआयसोट्रॉपिक'च ठेवा, म्हणजे पटलाच्या पातळीत आणि तिच्या उभ्या दिशेत पेटी वेगवेगळी बदलू शकते. 'आयसोट्रॉपिक' ठेवला तर पेटी तिन्ही दिशांना एकाच प्रमाणात बदलते आणि दर लिपिडामागचं क्षेत्रफळ चुकतं. वॉर्निंग आली की ती दुर्लक्षून पुढे जाऊ देणारं '-मॅक्सवॉर्न' डोळे झाकून लावू नका, आधी ती वाचा.

मार्टिनीच्या दुसऱ्या आवृत्तीतलं (मार्टिनी २) पाणी गोठतं, ही खरी डोकेदुखी. सगळे मणी एकाच आकाराचे असल्याने ते नीट रांगेत बसतात. ऊर्जा एकदम खाली येते आणि रन चित्ररूपात दाखवणाऱ्या व्हीएमडी या प्रोग्राममध्ये पाण्याची हालचाल थांबलेली दिसते. १० टक्के मणी 'डब्ल्यूएफ' या थोड्या मोठ्या मण्यांनी बदलले की रांग मोडते. तापमान ३१० केल्विन ठेवा.

मे महिन्यात खोली ४५ अंशांना टेकते, तेव्हा कार्ड तापून आपोआप वेग कमी करतं. १७० वॅटच्या कार्डाला एनव्हिडिया-एसएमआय या कमांडमधून '-पीएल १२०' ही १२० वॅटची मर्यादा घाला. वेग थोडा घटतो, पण रन स्थिर राहतो आणि इन्व्हर्टरही जास्त टिकतो.

मार्टिनीत प्रथिनाची दुय्यम रचना (साखळीतली मळसूत्रं आणि पट्टे) आधीच बांधून ठेवलेली असते. प्रथिन घडी कशी घालतं हे पाहायचं असेल तर मार्टिनी घेऊ नका, अणूपातळीवरच चालवा.